लॅक्स्टनची उघडी शेते : प्रकल्प नोंदी

9 सप्टेंबर 2023

प्रकल्पाची आखणी आज कागदावर उतरवली. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात, ओलर्टन आणि टक्सफर्ड या गावांच्या दरम्यान लॅक्स्टन नावाचे एक लहान शेतकी गाव आहे. शेजारच्या मूरहाउस वस्तीसह त्याची एक पॅरिश, म्हणजे स्थानिक कारभाराचा एक घटक, होते. या पॅरिशच्या जमिनीचा इतिहास मराठीत, मोजक्या नकाशांसह, एका छोट्या पुस्तिकेत मांडायचा आहे. मी मोजणीखात्यातून निवृत्त झालो असून सध्या मुलीकडे नॉटिंगहॅमला मुक्कामाला आहे, त्यामुळे भूमापन शिकणारे विद्यार्थी आणि खात्यात नव्याने रुजू झालेले कर्मचारी हेच वाचक डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

हेच गाव का, याचे कारण पहिल्याच पानावर द्यावे लागेल. मध्ययुगात इंग्लंडच्या मध्य भागातील बहुतेक गावांची जमीन दोन-तीन विस्तीर्ण, बिनकुंपणाच्या शेतांत विभागलेली असे, आणि प्रत्येक कुळाची जमीन त्या सगळ्या शेतांत अरुंद पट्ट्यांच्या रूपाने विखुरलेली असे. ही पद्धत देशभरातून गेली. डेव्हनमधील ब्रॉन्टन येथे आणि लिंकनशायरच्या ॲक्झोम भागात पट्ट्यांची शेते आजही दिसतात, परंतु तीन शेतांची फेरपालट आणि तिच्यावर देखरेख ठेवणारे गावचे न्यायालय, ही दोन्ही अंगे शाबूत असलेले गाव लॅक्स्टन एकटेच.

17 सप्टेंबर

गावातून आणि शेतवाटांवरून पायी हिंडून आलो. पहिली गोष्ट लक्षात येते ती घरांची. इंग्लंडच्या इतर भागांत शेतकऱ्याचे घर आपापल्या कुंपणबंद जमिनीच्या मधोमध, गावापासून दूर असते. येथे मात्र सगळी शेतघरे गावच्या रस्त्यालाच लागून, तांबड्या विटांची आणि कौलारू, पुष्कळशी रस्त्याकडे छपराखालच्या त्रिकोणी भिंतीची बाजू करून उभी आहेत. घरामागे गोठे-कोठारे, त्यामागे लांबट परसू, आणि परसू संपले की शिवार. ज्याची जमीन तिन्ही शेतांत विखुरलेली आहे त्याला शेतावर राहायला जाणे परवडणारे नव्हतेच, कारण कोणत्याही एका पट्ट्यापाशी घर बांधले तरी बाकीचे पट्टे लांबच पडणार. गावठाणाचा आकार शेतीपद्धतीने ठरवला, हे या गावाइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसेल.

जमीन भारी, तांबूस, चिकण मातीची आहे. पावसात बूट निघेनासा होतो आणि उन्हात ढेकळे फुटत नाहीत. अशा मातीला वाफसा येण्याचे दिवस थोडे असतात, आणि ते गाठण्यासाठी पूर्वी आठ बैलांचा नांगर लागे. एकट्या कुळाच्या दावणीला आठ बैल कुठले? म्हणून सावड करावी लागे. सामाईक शेतीचा निम्मा उलगडा या चिकण मातीतच होतो, असे माझे मत झाले आहे.

गावच्या डव्हकोट इन या खानावळीशेजारी जुना कोंडवाडा दुरुस्त करून ठेवलेला आहे. त्यावर वेगळे स्पष्टीकरण लिहिण्याची गरज नाही. आपल्या वाचकाला तो पाहताक्षणी कळेल.

30 सप्टेंबर

दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा केला. तीन शेते आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेले जव, वाटाणा किंवा घेवडावर्गीय पीक, आणि तिसरे पड. पुढच्या वर्षी हा क्रम एक घर पुढे सरकतो. म्हणजे तीन वर्षांत प्रत्येक शेताला एकदा विसावा मिळतो. अलीकडे तिसऱ्या शेतात चाऱ्याचे पीक घेतले जाते, परंतु क्रम मोडलेला नाही. पूर्वी कापणी झाली की ठरलेल्या दिवसापासून सगळ्या गावाची जनावरे धाटांवर चरायला सोडली जात, आणि म्हणूनच कोणी एकाने आपल्या पट्ट्यात भलतेच पीक घेऊन चालत नसे. त्याच्या पिकासाठी सगळ्या गावाची चराई अडली असती. ही चराई विसाव्या शतकात मागे पडली, तरी कोणत्या शेतात काय पेरायचे याचे बंधन आजही सामाईक आहे.

पट्ट्यांची रचना समजावताना एक आकृती लागेलच. शेजारी शेजारी, एकाच दिशेने नांगरलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा म्हणजे एक फर्लाँग. असे अनेक फर्लाँग मिळून एक शेत. जमिनीचा उतार जसा फिरतो तशी फर्लाँगांची दिशा फिरते, कारण चिकण मातीतले पाणी सरीतून खाली काढून द्यायचे असते. जुने पट्टे सरळही नाहीत. ते उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखे किंचित वळतात. बैलांची लांबलचक जोडणी पट्ट्याच्या टोकाला वळवायची तर वळण आधीपासूनच घेत यावे लागे, आणि शतकानुशतकांच्या नांगरटीने तेच वळण जमिनीत कायम झाले.

दोन पट्ट्यांमध्ये बांध नसतो, फक्त एक सरी असते. नोकरीतली कित्येक वर्षे बांधाच्या भांडणांत गेलेल्या माणसाला हे वाचून धडकी भरते.

14 ऑक्टोबर

आजचा पूर्ण दिवस 1635 च्या नकाशावर गेला. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे; त्याच्या प्रतिमेवरून काम चालू आहे. मार्क पीअर्स या भूमापकाने गावाचा जमीनदार सर विल्यम कोर्टेन याच्यासाठी ही मोजणी केली. नकाशासोबत एक नोंदवही आहे, जिच्यात प्रत्येक पट्टा कोणाच्या वहिवाटीत आहे आणि त्याचे क्षेत्र किती, हे ओळीने लिहिलेले आहे. पट्टे दोन हजारांहून अधिक. नकाशाच्या मोकळ्या जागांत चित्रेही काढलेली आहेत: नांगर धरलेला माणूस, कापणी करणारी माणसे, हरणांमागे धावणारी कुत्री. मोजणीदाराने हौस म्हणून ती काढली असे मानायला मी तयार नाही. असा नकाशा जमीनदाराच्या दिवाणखान्यात मिरवायचा असे आणि मिळकत किती नांदती आहे हे पाहुण्याला दिसावे लागे.

क्षेत्राची नोंद एकर, रूड आणि पर्च या मापांत आहे. पर्च म्हणजे साडेसोळा फूट बाजूचा चौरस. 40 पर्चांचा एक रूड आणि 4 रूडांचा एक एकर. आपला गुंठा 33 फूट बाजूचा, म्हणजे 1089 चौरस फुटांचा, अर्थात बरोबर 4 पर्चांचा. म्हणून रूड म्हणजे 10 गुंठे, आणि या जुन्या नोंदवहीतील कोणताही आकडा अपूर्णांकाच्या त्रासाशिवाय एकर-गुंठ्यांत उतरतो. 2 रूड 14 पर्च लिहिलेले असेल तर ते साडेतेवीस गुंठे. हा योगायोग नव्हे. 1620 च्या सुमारास एडमंड गंटरने 66 फुटी साखळी रूढ केली. मुंबई इलाख्याच्या मोजणीतील 16 आण्यांची साखळी 33 फुटांची, तिच्या निम्मी. साडेसोळा फुटांचे मूळ माप दोन्हीकडे एकच आहे. पुस्तिकेतील सर्व क्षेत्रे गुंठ्यांत देण्याचे ठरवले.

15 ऑक्टोबर

कोर्टेनविषयी स्वतंत्र चौकट करावी असे कालपासून मनात होते, आज ती लिहिली. हा मनुष्य परंपरेने जमीनदार नव्हे. नेदरलँड्सच्या दक्षिण भागातून धर्मछळामुळे लंडनला आलेल्या कापड व्यवसायातील कुटुंबात तो जन्मला, व्यापारात अफाट पैसा मिळवला, राजाला मोठमोठी कर्जे दिली, आणि त्या पैशातून गावे विकत घेतली. लॅक्स्टन त्याच्याकडे 1620 च्या दशकात आले. ज्या वर्षी पीअर्सने येथे साखळी टाकली त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर 1635 मध्ये, पहिल्या चार्ल्स राजाने कोर्टेन आणि त्याच्या भागीदारांना पूर्वेकडे व्यापार करण्याचा परवाना दिला, आणि ईस्ट इंडिया कंपनीला तिच्या स्वतःच्या क्षेत्रात प्रतिस्पर्धी उभा राहिला. कॅप्टन जॉन वेडेलच्या हाताखालील त्यांचे तांडे एप्रिल 1636 मध्ये निघाले आणि त्याच वर्षी गोव्याच्या बंदरात येऊन थांबले. पुढे भटकळला आणि कारवारला या मंडळींनी मिरीच्या व्यापारासाठी वखारी घातल्या. कोर्टेन स्वतः 1636 मध्येच वारला. मागे कर्जे राहिली, आणि काही वर्षांतच लॅक्स्टनचा मोठा भाग पिअरपॉंट घराण्याकडे गेला, ज्याचे वंशज पुढे अर्ल मॅनव्हर्स झाले.

कोकण किनाऱ्याचा आणि या गावाचा संबंध एवढाच, एका सावकाराच्या दोन खात्यांचा. तो चौकटीबाहेर वाढू द्यायचा नाही.

4 नोव्हेंबर

गढी आणि चर्च या दोन स्थळांचे टिपण पूर्ण केले. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातील मातीच्या उंच टेकाडाची गढी आहे. दगडी बांधकाम आता दिसत नाही, पण टेकाड, खंदक आणि आवाराचे बांध इतके ठसठशीत आहेत की समोच्चरेषांचा नकाशा काढताना फारसा तर्क लढवावा लागला नाही. इंग्लंडमधील जमिनींच्या 1086 च्या नोंदीत, म्हणजे डूम्सडे नोंदीत, गाव जेफ्री ॲल्सेलिन याच्याकडे आहे. नॉर्मन येण्यापूर्वी ते टोकी नावाच्या मालकाकडे होते. गढीचे महत्त्व शेतीपेक्षा शेरवूडच्या राखीव अरण्यामुळे होते, कारण त्या अरण्याच्या वंशपरंपरागत रखवालदारीचा मान येथील द कॉ घराण्याकडे आणि त्यांच्यानंतर एव्हरिंगहॅम घराण्याकडे होता.

सेंट मायकेलच्या चर्चमध्ये एव्हरिंगहॅम कुटुंबाच्या समाधिमूर्ती आहेत. ॲडम द एव्हरिंगहॅमची मूर्ती दगडी आहे, मात्र त्याच्या दुसऱ्या पत्नीची मूर्ती ओक लाकडाची आहे. बाजूने नीट पाहिल्यास लाकडाच्या शिरांच्या उभ्या रेघा वस्त्राच्या चुण्यांमध्ये मिसळून गेलेल्या दिसतात, आणि कारागिराने कोठे पटाशी चालवली व कोठे काळाने भेग पाडली हे सांगणे अवघड होते. मध्ययुगातील लाकडी समाधिमूर्ती या परगण्यात दुसरी नाही. चर्चची इमारत मात्र जुनी दिसते तितकी जुन्या आकाराची नाही. 1860 च्या सुमारास डागडुजी करताना ती आखूड केली गेली आणि मनोरा उतरवून पुन्हा उभारण्यात आला.

18 नोव्हेंबर

पुस्तिकेतील सर्वांत अवघड प्रकरण आज लिहायला घेतले: लॅक्स्टन वाचले कसे. सतराव्या शतकाच्या आरंभापासून 1914 पर्यंत इंग्लंडमध्ये पाच हजारांहून अधिक कायदे करून सुमारे 68 लाख एकर उघडी शेते आणि सामाईक माळ कुंपणाखाली घेण्यात आले. प्रत्येक गावासाठी पार्लमेंटचा वेगळा कायदा, त्यानंतर आयुक्तांची नेमणूक, नवी मोजणी, नवी वाटणी. ज्याची जमीन मोठी त्याला सलग तुकडा मिळे. दहा-वीस गुंठे आणि माळावर एक गाय चारण्याचा हक्क एवढ्यावर जगणाऱ्याचा हक्क मात्र नावापुरत्या मोबदल्यावर बुडे, आणि मिळालेल्या तुकड्याला कुंपण घालण्याचा खर्च त्याच्याच माथी येई.

लॅक्स्टनला हे होणारच नव्हते असे नाही. पॅरिशमधील मूरहाउसची शेते 1860 मध्ये कुंपणबंद झालीच. मूळ गावात मात्र अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो असे दोन बडे जमीनमालक होते, त्यांचे पट्टे एकमेकांत गुंतलेले होते आणि अदलाबदलीवर त्यांचे एकमत होईना. पुढे जमिनींची अदलाबदल झाली तोवर शेतमालाचे भाव पडले होते आणि कुंपणावर पैसा घालण्यात कोणालाच राम वाटत नव्हता. गावकऱ्यांनी परंपरा जिवापाड जपली, ही हकिगत ऐकायला गोड आहे आणि पर्यटकांना तीच सांगितली जाते. कागदपत्रांतून दिसतो तो दोन मालकांचा खोळंबा. मला ही दुसरी हकिगत अधिक मोलाची वाटते, कारण ती खरी आहे.

1 डिसेंबर

गावच्या न्यायालयाच्या ज्युरीची, म्हणजे पंचांची, शिवारफेरी पाहिली. नोव्हेंबरच्या अखेरीस, नुकताच हिवाळी गहू पेरलेल्या शेताची पाहणी करण्यासाठी बारा जणांची ज्युरी आणि तिचा म्होरक्या निघतात. ही सगळी गावातीलच कसणारी मंडळी. ट्रॅक्टरमागच्या गाडीत लाकडी खुंट्या आणि मोठा हातोडा. काम ठरलेले आहे: प्रत्येक पट्टा शेतवाटेला किंवा गवताच्या राखीव पट्टीला जेथे भिडतो तेथे हद्द तपासायची, आणि कोणी फाळ पुढे रेटून वाट किंवा गवत नांगरले असेल तर नोंद करायची.

एका जागी खुंटी मातीत दिसेना. एकाने टाचेने माती उकरली, दुसरा मागच्या खुंटीपाशी जाऊन उभा राहिला आणि एक डोळा मिटून ओळंबा धरावा तशी पुढची ओळ धरली. तिसरा हातवारे बघत काठी इंचाइंचाने सरकवत होता. ओळ जुळली तेव्हा ताज्या नांगरटीची कड काठीच्या पलीकडे, वितीएवढी गवतात गेलेली निघाली. वाद झाला नाही. खुंटी ठोकली, वहीत नाव पडले, मंडळी पुढे सरकली. ज्याचे नाव पडले तो बहुधा त्या घोळक्यातच असावा, कारण हशा पिकला होता.

आपल्याकडे बांध कोरल्याची तक्रार आली की अर्ज, मोजणी फी, नोटिसा, शेजाऱ्यांच्या सह्या आणि पोलीस बंदोबस्त यांत वर्षे जातात. इथे तीच तपासणी पीक उगवून यायच्या आत, तिन्ही बाजूंची माणसे हजर असताना, अर्ध्या दिवसात उरकते. अर्थात येथे सगळी कुळे एकाच मालकाची आहेत, आणि मालकीहक्काचा प्रश्नच उद्भवत नाही, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहायला हवे. नाहीतर तुलना खोटी ठरेल.

9 डिसेंबर

शिवारफेरीनंतरच्या आठवड्यात डव्हकोट इनमध्ये कोर्ट लीट, म्हणजे गावचे न्यायालय, भरते. मालकाच्या वतीने स्टुअर्ड अध्यक्षस्थानी असतो, बेलिफ लोकांना पुकारतो, ज्युरीने घातलेले दंड वाचले जातात, पुढील वर्षाची ज्युरी शपथ घेते, आणि कोंडवाड्याच्या रखवालदाराची, म्हणजे पिंडरची, नेमणूक आजही होते. दंडाच्या रकमा किरकोळ असतात. भरचौकात नाव वाचले जाणे हीच खरी शिक्षा. या न्यायालयाची कायदेशीर बाजू तपासून घेतली. 1977 च्या ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस ॲक्टने देशातील अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, परंतु त्याच कायद्यात लॅक्स्टनच्या कोर्ट लीटला नावानिशी अपवाद केलेला आहे. म्हणजे हा देखावा नसून चालू अधिकार आहे.

10 फेब्रुवारी 2024

थंडी आणि चिखल यांमुळे शिवारात जाणे बंद होते. घरात बसून 1635 ची स्थिती आणि आजची स्थिती एकमेकांवर ठेवण्याचे काम केले. दोन हजारांवर पट्ट्यांचे आज दीडशे ते पावणेदोनशे उरले आहेत. त्यातील मोठी घट 1900 नंतरच्या पहिल्या दशकात झाली, जेव्हा मॅनव्हर्स इस्टेटने लहान पट्टे जोडून मोठे केले आणि चौथे, लहानसे ईस्ट फील्ड या व्यवस्थेतून बाहेर पडले. शुद्धतेचा आग्रह धरणारे याला ऱ्हास म्हणतील. मला तसे वाटत नाही. घोड्याच्या नांगराला आणि नंतर ट्रॅक्टरला मूळचे अरुंद पट्टे झेपले नसते, आणि तेव्हा जोडणी झाली नसती तर शेतकऱ्यांनीच सगळी व्यवस्था टाकून दिली असती. मुंबई राज्यातील 1947 च्या तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायद्यामागची काळजीही हीच होती. एकत्रीकरण योजनेच्या फाइली हाताळलेल्या वाचकाला या प्रकरणात ओळखीचे पुष्कळ सापडेल, म्हणून ते थोडे ऐसपैस लिहिले.

20 एप्रिल

मालकीचा अलीकडचा इतिहास एका परिच्छेदात आटोपला. सहाव्या अर्ल मॅनव्हर्सने 1952 मध्ये गाव कृषी मंत्रालयाला विकले, ते ही पद्धत टिकावी या हेतूने. 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मिळकती सांभाळणाऱ्या संस्थेकडे, गेले. 2018 मध्ये विक्रीची घोषणा झाली तेव्हा गावात चिंतेचे वातावरण होते. 2020 मध्ये शेजारच्या थोर्सबी इस्टेटने ते घेतले, जी मॅनव्हर्स घराण्याचीच जुनी मिळकत. कुळांना उघड्या शेतांतील पट्टे कसायला मिळतात ते कोर्ट लीटचे नियम पाळण्याच्या अटीवर, आणि पट्ट्यांबरोबर थोडीफार कुंपणबंद जमीनही मिळते. केवळ पट्ट्यांवर आज कोणाचा प्रपंच चालणार नाही.

6 जुलै

शेवटचा नकाशा गवताच्या पट्ट्यांचा. शेतांमधल्या ओढ्याकाठच्या, ओलसर किंवा फार उताराच्या ज्या जागा नांगराला कधीच जमल्या नाहीत, त्यांना येथे साइक म्हणतात. त्या कोणा एकाच्या नाहीत. दर उन्हाळ्यात त्यांतील उभ्या गवताचा गावातच लिलाव होतो. बोली जिंकणाऱ्याचा हक्क त्या मोसमाच्या गवतापुरताच. खत आणि औषधे न पडल्यामुळे या पट्ट्यांत जुन्या कुरणांची रानफुले टिकून आहेत, आणि लॅक्स्टन साइक्स या नावाने त्यांना वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ म्हणून संरक्षण आहे. आज त्यांच्या कडेने चालताना एका बाजूला गुडघाभर, पिवळ्या-जांभळ्या फुलांनी भरलेले गवत आणि दुसऱ्या बाजूला गव्हाची एकसारखी ओळ, असा काटकोनात कापलेला फरक दिसत होता. हिवाळ्यात ज्युरीने ठोकलेल्या खुंट्या त्याच रेषेवर होत्या, गवताने झाकलेल्या.

साइकचे क्षेत्र नकाशावर हिरव्या तिरप्या रेघांनी दाखवले असून सूचीत त्याला गायरान म्हटलेले नाही. हक्काचे स्वरूप वेगळे आहे. तिन्ही शेतांचा पीकक्रम दाखवणारा तक्ता वर्षाचा रकाना रिकामा ठेवून छापायला देत आहे, म्हणजे प्रत तिथल्या तिथे भरता येईल. क्षेत्रांचे गुंठ्यांतील रूपांतर एका जुन्या सहकाऱ्याकडे पडताळणीसाठी पाठवले आहे. त्याचा होकार आला की मजकूर मुद्रणालयात जाईल.